इवायाच्या घरातल्या विजोड चपला

आमच्या गावात पूर्वी कुणाची चप्पल हरवली, तर तो माणूस देवळाच्या पायरीवर शोधत बसायचा नाही. सरळ आमच्या घरी यायचा. दारात उभा राहून आईला विचारायचा, "पोरगं हाय का घरात?" आणि आई चुलीपासून न उठता सांगायची, "हाय. पण तुमची चप्पल आता चप्पल ऱ्हायली नसंल."

रबरी चपलेतून जसं चाक निघतं, तसं जगात दुसऱ्या कशातून निघत नाही. टाचेवर वाटी उपडी ठेवायची, खिळ्यानं गोल ओढायचा, आणि चुलत्याच्या दाढीचं पातं साबणाच्या पाण्यात बुडवून एका दमात कापायचं. पातं कोरडं असलं की चाक कुरतडल्यासारखं निघतं. टाचेतून एक चाक, पंजातून दुसरं. पंजातल्या चाकाला अंगठ्याच्या पट्ट्याचं भोक आयतं असतं, आसासाठी वेगळं पाडायला लागत नाही. चप्पल करणाऱ्यानं पोरांचा विचार करूनच ते ठेवलं असावं, असं मला अजून वाटतं.

अशी चाकं लावून मी ज्वारीच्या धाटाच्या ज्या गाड्या केल्या, त्या आजच्या मोटारींना लाजवतील. धाट सोलायचं, सालीच्या कमच्या करायच्या, आतल्या भेंडात खोचायच्या, बाभळीच्या काट्यांचे खिळे. एकदा त्या गाडीत आमचं मांजर बसवून मी उतारावरून सोडलं. आमचं गाव खजुरीच्या अंगाला, हद्दीला टेकलेलं. गाडी कर्नाटकातून सुटली ती महाराष्ट्रात जाऊन थांबली. मांजर आठ दिवसांनी परत आलं, तेव्हा त्याला कन्नड समजेना. आजी "बा, बा", म्हणजे "ये, ये", म्हणून बोलवायची आणि ते नुसतं बघत बसायचं. माझी बायको म्हणते, हे खोटं आहे. ती त्यावेळी तिथं नव्हती, त्यामुळे तिच्या म्हणण्याला काही किंमत नाही.

ही विद्या मी पुढं सोडली नाही. घरातला पंखा, मिक्सर, बोअरचं स्टार्टर, सगळं मीच उघडतो. बंदही मीच करतो. मधल्या काळात काय होतं ह्याबद्दल घरात दोन मतं आहेत. पण चपलेची नजर म्हणून जी एक चीज मला लहानपणी मिळाली, तिच्या जोरावर गेल्या हिवाळ्यात मी माझ्या इवायांना, म्हणजे लेकीच्या सासऱ्याला, रंगेहाथ पकडलं. ते सांगायचं आहे.

आमच्याकडं रीत अशी की पाळणा आणि पांगुळगाडा आजोळचा. मूल पाय टाकायच्या बेताला आलं की आईच्या बापानं लाकडी पांगुळगाडा घेऊन जायचं. गाड्याला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि लेकराचं पहिलं पाऊल त्या गाड्याला धरून पडायचं. मूल आधीच दुसऱ्या कशाला धरून चाललं, तर काही आभाळ कोसळत नाही. फक्त आईच्या बापाला मरेपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. हे मी अनुभवानं सांगतो. माझ्या लेकीच्या वेळी माझे सासरे गाडा घेऊन उशिरा आले. तोवर पोरगी आमच्या वासराच्या शेपटीला धरून अख्खं अंगण फिरून आली होती. सासऱ्यांना पुढं प्रत्येक लग्नात, बारशात, तेराव्यात ह्यावरून ऐकवलं गेलं. "तुमच्यापेक्षा आमचं वासरू बरं, वेळेवर आलं." ऐकवणारा मीच होतो. आणि हा किस्सा लेकीच्या लग्नाच्या मांडवात मी स्वतःच इवायांना तिखटमीठ लावून सांगितला होता. ते पोट धरून हसले होते. तेव्हा ते हसणं मला आवडलं होतं.

आता नात वर्षाची होऊन गेली होती आणि माझा गाडा व्हायचा होता.

बाजारात आयते मिळतात, लाल-हिरव्या रंगवलेल्या चाकांचे. प्लास्टिकचेही मिळतात, त्यांचं बटण दाबलं की आत कुत्रं भुंकतं. पण मी गाडा विकत नेला असता, तर गावानं मला ओळख दाखवली नसती. माझ्याकडं वडिलांची जुनी तिफण होती. ट्रॅक्टर आल्यापासून ती गोठ्याच्या आढ्याला टांगलेली. बाभळीचं लाकूड, आजोबांच्या काळापासून पेरण्या केलेलं. त्या तिफणीचा गाडा करायचा, असं मी नात पोटात असतानाच जाहीर केलं होतं. तिफणीला फण तीन, गाड्याला चाकं तीन. हा हिशेब देवानंच जुळवून ठेवला होता. फक्त ती बाभूळ इतकी मुरलेली होती की माझ्या करवतीचे दात पडले, तिचा एक टवका निघाला नाही. रंध्याचं पातं मोडलं. ड्रिल मशीनमधून धूर आला आणि शेजारच्यानं बोअर जळाला समजून मेन स्विच काढलं.

"तुमचा गाडा व्हईस्तोर पोरगी त्यात बसून सासरी जाईल," बायको म्हणाली.

माझा संशय सुरू झाला तो व्हिडिओ कॉलवर. लेक चिंताकीला, औराद तालुक्यात. जावई हैदराबादला नोकरीला, महिन्यातून एकदा येतो, त्यामुळे घरात इवाई, त्यांची बायको म्हणजे आमची ईन, लेक आणि नात. रोज संध्याकाळी फोन यायचा. नात दिसायची, पण कधी आजीच्या कडेवर, कधी आजोबाच्या मांडीवर, कधी खिडकीच्या कट्ट्यावर. जमिनीवर म्हणून दिसायची नाही. मी म्हणायचो, जरा खाली सोड की, रांगताना बघू दे. लगेच नेटवर्क जायचं. आमच्या भागात नेटवर्क जातं हे खरं, पण ते इतकं वक्तशीर जात नाही.

"उभी ऱ्हायली का गं?" मी विचारायचो.

"न्हाई अण्णा, अजून कुठं. धरून बी उठना."

लेक लहानपणापासून खोटं बोलताना नाक ओढते. त्या दिवशी तिनं नाक ओढलं. मी बायकोला म्हणालो, तिकडं काहीतरी शिजायलंय. ती म्हणाली, थंडीचे दिवस हायेत, नाक गळायलं असंल. मी मात्र ओळखलं. इवायानं बाजारातून कुत्र्याचा आवाज काढणारा गाडा आणलाय, नातीला गुपचूप तयार करायलाय, आणि पहिल्या लग्नात माझ्या वासराचा किस्सा मलाच परत देणार आहे.

माझे इवाई म्हणजे अडतीचे व्यापारी. तुरीचा ढीग लांबून बघून ओल किती ते सांगतील, पण हातात हातोडी धरलेली नाही. पेनाचं टोपण बसवायलासुद्धा त्यांना मुनीम लागतो, असं मी आमच्याकडं सांगत असतो. कपडे कायम पांढरेशुभ्र, कपाळावर विभूती, बोलणं आधी कन्नडमध्ये, मग मराठीत, चिडले की तेलुगूत. असा माणूस चांगल्या बोलण्यानं गळा कापतो.

मी मग जिवाची बाजी लावली. तिफण गावच्या सुताराकडं न नेता, माझ्याच हातानं, तासून, घासून, अंगठ्याचं नख गमावून गाडा उभा केला. चाकं दिंडाची, म्हणजे फण जिथं बसतात त्या आडव्या लाकडाची, गोल तासलेली. करडीचं तेल पाजलं. गाडा असा दिसायला लागला की देवघरात ठेवावा. अंगणात चाचणी घेतली. चांगला गरगरीत भोपळा आणला, त्याला नातीचं झबलं घातलं, गाड्याच्या दांडीला बांधला आणि मागून ढकललं. शेणानं सारवलेल्या अंगणात गाडा असा डुलत, रुबाबात, पाऊल मोजत चालला की मी त्याच्याकडं बघतच राहिलो. बायको झबलं धुवायला घेऊन गेली.

बसमध्ये वेगळीच भानगड. कंडक्टरनं बायकोला बायकांचं फुकटचं तिकीट फाडलं, मला पैशाचं दिलं आणि गाड्याकडं बघत विचारात पडला. हे लगेज म्हणावं का माणूस? मी म्हणालो, पोरीचा आहे, पोरीच्या हिशेबात धरा. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की बसवकल्याणपासून भालकीपर्यंत तो माझ्यावरची नजर काढायला तयार नव्हता. पुढची गाडी बदलून चिंताकीला उतरलो, तेव्हा दुपार कलली होती.

इवायांच्या दारात पाय धुवायला थांबलो आणि सवयीनं चपलांकडं बघितलं.

दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. दारात तीन चपला होत्या. जोड्या नव्हेत, चपला. एक निळी, मोठी, उजव्या पायाची, ती इवायांची. एक जांभळी, डावी, ईनबाईंची. एक फुलाची, उजवी, माझ्या लेकीची. ती मीच उमरग्याच्या बाजारातून घेऊन दिली होती. प्रत्येकीची जोडीदारीण गायब. एकाच घरातल्या तीन माणसांच्या तीन एकेकट्या चपला एकाच वेळी हरवत नाहीत. कुत्र्यानं नेली म्हणावं, तर कुत्रं असं सगळ्यांशी सारखेपणानं वागत नाही.

 तीन चपला. तीन चाकं.

आत स्वागत झालं. इतकं गोड झालं की संशय दुप्पट झाला. ईनबाईंनी बायकोला "या अक्का, बसा अक्का" करून करून जागेवरून उठू दिलं नाही. इवाई आले, हात जोडले, "शरणु पाव्हणं," आणि डावा हात झटकन मागं नेला. पण मी बघितलं होतं. अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"काय लागलं वो?"

"काय न्हाई, तुरीचं पोतं शिवताना दाभण."

अडत्यानं स्वतः पोतं शिवलं. हे मी ऐकून घेतलं.

नात लेकीच्या कडेवर होती. मी हात पुढं केले, घेतली, आणि तिचे लाड करता करता तपासणी केली. रांगणाऱ्या लेकराचे गुडघे काळे आणि खरबरीत असतात, हे कुणालाही विचारा. हिचे गुडघे लोण्यासारखे. मग तळवे उलटे करून बघितले. तळवे मळलेले, आणि बोटांच्या बेचक्यात कडब्याचा बारीक भुसा अडकलेला. मी नातीच्या डोळ्यात बघितलं. ती माझ्या मिशीत बघत होती. ती ह्या कटात सामील होती की नव्हती, हे तेवढ्यावरून सांगता येईना.

खाली सोडू का म्हणालो, तर तिघंही एकदम पुढं सरकले. ईनबाई म्हणाल्या, फरशी गार हाय. लेक म्हणाली, तिला आत्ताच तेल लावलंय. इवाई म्हणाले, मुहूर्त होऊ द्या की पाव्हणं. आणि नात माझ्या हातातून लेकीच्या, लेकीच्या हातातून ईनबाईंच्या कडेवर गेली. ईनबाई एक हात कमरेवर ठेवून कण्हल्या, पण तिला खाली ठेवलं नाही.

मी बायकोला कोपऱ्यात गाठून सगळा पुरावा सांगितला. चपला, अंगठा, गुडघे, भुसा.

"पोरगी चालायलीय. ह्यांनी मागल्या दारी गाडा करून ठिवलाय. आपल्या तोंडावर हसायचा बेत हाय."

"हसू द्या की. तुम्ही माझ्या बापाला हसलाव तसं." आणि ती पापड लाटायला निघून गेली. कामून सांगितलं हिला, असं झालं.

मग मीही ठरवलं. आधी मान घ्यायचा, मग चोरी उघडी पाडायची.

गाडा मधल्या खोलीत मांडला. सगळ्यांनी वाखाणला. इवाई खाली बसून चाकांवरून हात फिरवत राहिले. "तिफणीचं व्हय? बापाच्या?" एवढंच म्हणाले. ईनबाईंनी गाड्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. शेजारच्या दोघी-तिघी येऊन भिंतीला टेकल्या. लेकीनं नातीला अलगद गाड्यापुढं उभं केलं. नातीनं दांडी दोन्ही हातांनी धरली. तिला कुणी शिकवावं लागलं नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

आणि गाडा सुटला.

इवायांनी मागल्या वर्षी घर बांधलं. खाली अशी गुळगुळीत फरशी की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा. ती मी पूर्वीही बघितली होती, पण तोंड बघण्यापुरतीच. माझ्या तेल पाजलेल्या बाभळीच्या चाकांना त्या फरशीवर धरायला काहीच नव्हतं. सारवलेल्या अंगणात रुबाबात चालणारा गाडा तिथं वरातीतला घोडा उधळावा तसा गेला. नातीचे हात दांडीवरून सुटले, ती मागं बसली, धप्पकन, आणि तिनं जो सूर लावला तो बिदरच्या किल्ल्यात ऐकू गेला असेल. गाडा देव्हाऱ्याच्या खालच्या पायरीला धडकून थांबला.

खोलीत कुणी हसलं नाही. तेच वाईट. मी वाट बघत होतो की इवाई आता वासराचं नाव काढतील. त्यांनी माझ्या बायकोकडं बघितलं. ईनबाईंनी मान खाली घातली. इवाई उठले आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

आता आणणार, मी ओळखलं. आता आपला गाडा आणून सगळ्यांपुढं चालवून दाखवणार. मीही उठलो आणि त्यांच्या पाठोपाठ गेलो.

मागं कडब्याची खोली. त्यांनी कडी काढली आणि मला दारात बघून दचकले. आत कडब्याच्या पेंढ्यांमधून एक वाट मोकळी केलेली, आणि वाटेच्या टोकाला गाडा उभा.

इतकं बेढब काम मी जन्मात बघितलं नव्हतं. आंब्याच्या खोक्याच्या फळ्या, त्यावर आंब्याचं चित्र अजून होतं. खिळे अर्धे आत, अर्धे वाकून बाहेर, त्यांच्यावर चिंध्या गुंडाळलेल्या. दांडी म्हणजे छत्रीची काठी. आणि चाकं तीन रंगांची: निळं, जांभळं, एक फुलाचं. फुलाचं चाक एका बाजूनं झिजून लंबुळकं झालेलं.

"चाकं कात्रीनं कापलाव?" मी विचारलं.

"व्हय."

"साबणाचं पाणी?"

"त्याचं काय?"

म्हणजे ही विद्या ह्यांना येत नव्हती. एका चपलेतून दोन चाकं निघतात, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मी पुढं झालो, फुलाचं चाक फिरवून बघितलं. "हे झिजलंय, पाव्हणं. उभ्या उभ्या चाक झिजत न्हाई."

इवाई पेंढीवर बसले. अडतीवर ज्या माणसाचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, तो हळू बोलायला लागला. पोरगी मागल्या महिन्यात अचानक उठली. भिंतीला धरून चालायला लागली. धरायला काही मिळालं नाही की रडायची. घरातल्यांनी आधी फोन करायचं ठरवलं, पण माझी लेक म्हणाली, अण्णा वर्षभर त्या तिफणीला झटायलेत, त्यांना कळलं तर गाडा आढ्याला टांगून ठेवतील. बाजारातला आणावा तर तोही माझा मान मोडल्यासारखा. मग ह्यांनी स्वतः केला.

"पण घरात न्हाई चालवली," ते म्हणाले. "आईशप्पथ सांगतो. उंबऱ्याच्या आत एक बी पाऊल पडू दिलं न्हाई. चालायचं ते हितं, कडब्यात. घरात आली की कडेवर. तिला धरून धरून माझ्या बायकोची कंबर गेली."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. मी मोठा झालो तो खोटं सांगण्यात आणि खोटं ओळखण्यात. खाली वाकून तिन्ही चाकं पुन्हा बघितली. रबरात भुसा रुतलेला, आणि माती, आणि शेणाचा कण. घरातल्या फरशीचा गुळगुळीत घासा कुठंच नव्हता. मी दाराच्या उंबऱ्यावर बोट फिरवलं. तिथंही चाकाचा डाग नव्हता.

"तुम्ही असं कामून केलाव?"

"तुम्हीच सांगितला होता की किस्सा, मांडवात," इवाई म्हणाले. "समदे हसलो. पर तुमची बायको हसली न्हाई. तिकडं माझं ध्यान होतं."

मी फुलाचं चाक पुन्हा एकदा फिरवून बघितलं. 

मग ते म्हणाले, गाडा तुमचाच राहू द्या, चाकं ही लावू. ह्या रबराला फरशी धरती. आत नात अजून रडत होती. मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, तो माझ्या खिशात कायम असतो, जेवतानासुद्धा. बाभळीची चाकं काढली, चपलेची बसवली. कात्रीनं कुरतडलेल्या कडा मी इवायांच्या दाढीच्या पात्यानं थोड्या साफ केल्या, तोंडातलं पाणी लावून. फुलाचं झिजकं चाक डावीकडं लागलं. दुसरं नव्हतंच. इवाई पक्कड धरून होते आणि ती उलटी धरली होती.

आम्ही आत गेलो. ईनबाईंनी आमच्याकडं बघितलं, मग गाड्याच्या चाकांकडं, मग पटकन छताकडं. पुन्हा कुंकू लावलं. दुसरा नारळ नव्हता, म्हणून फुटलेल्याच नारळाची वाटी उतरून टाकली. लेकीनं नातीला उभं केलं.

नातीनं दांडी धरली, चाकांकडं बघितलं आणि रडायची थांबली.

गाडा हलला. चपलेच्या चाकांनी फरशी अशी धरली जशी जुनी ओळख असावी. डाव्या झिजक्या चाकामुळं गाडा डावीकडं ओढणार, हे मला ठाऊक होतं, मी हात पुढं करून बसलो होतो. पण गाडा ओढायच्या आधीच नातीनं अंग उजवीकडं टाकलं. गाडा सरळ झाला. पुढच्या पावलाला पुन्हा तसंच. पक्क्या गाडीवानासारखी ती झिजकं चाक सांभाळत खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली.

टाळ्या तिच्या पहिल्या पावलाच्या अंमळ आधीच सुरू झाल्या होत्या. भिंतीला टेकलेल्या शेजारणींना बघून मी ओळखलं, ह्यासुद्धा सगळं जाणून आहेत. त्या खोलीत अजाण असं कुणीच नव्हतं आणि सगळी माझ्याकडं बघत होती. ह्याला कळलंय का? हा आता काय बोलतोय?

माझी लेक नाक ओढत होती.

मी मिशीवरून हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणालो, "बघितलाव? तिफणीचं लाकूड हाय. पहिलंच पाऊल, आन् कसं नांगराच्या तासासारखं सरळ."

"व्हय की," इवाई म्हणाले. "असं पहिलं पाऊल मी बघितलं न्हाई."

लेकीनं डोळे पुसले आणि आत जाऊन चहा ठेवला. बायकोनं माझ्याकडं एकदा बघितलं, पण त्या बघण्याचं उरलेलं पुढं कधीतरी येणार, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दारात चपला घालायला गेलो, तर माझी डावी गायब. नवी होती, जाड टाचेची. शोधाशोध झाली. ईनबाई कुत्र्याला बोल लावायला लागल्या. इवाई पांढऱ्याशुभ्र कपड्यात उभे राहून समोरच्या लिंबावरचे पक्षी मोजत होते, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून दाढीच्या पात्याची पुडी डोकावत होती. नवी, न उघडलेली. मागच्या अंगाला साबण फेसाळल्याचा वास येत होता. झिजकं चाक बदलायचं चाललं होतं तर.  मी फक्त त्यांना कानात सांगितलं, की वाटी लहान घ्या, नाहीतर टाच पुरत नाही. मग त्यांची निळी, उजवी, डाव्या पायात कोंबली आणि बस गाठली.

भालकीला गाडी बदलली, तर कालचाच कंडक्टर भेटला. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तिकीट देऊन लांब जाऊन बसला.

भालकी सोडल्यावर बायको म्हणाली, "एक इचारू का?"

"इचार."

"काल पहिलंच पाऊल होतं का वो?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तुरी पिवळ्या पडायला लागल्या होत्या. बाभळीची तिन्ही चाकं माझ्या मांडीवरच्या पिशवीत खडखडत होती.

"घरातलं पहिलंच," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं, पायातल्या निळ्या चपलेकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. हसली का रडली ते मला दिसलं नाही. मला अजून संशय आहे की तिला आधीपासून माहीत होतं.